गाडीला उंबरठा

३ मार्च, सोमवार

सकाळी महापालिकेच्या झोन ऑफिसचा माणूस फाटकाला कागद चिकटवून गेला. मी गाडीत होते. बेल घरात वाजली, ती मला ऐकू येऊन मी खाली उतरेपर्यंत तो स्कूटर वळवून निघालाही होता.

नोटीस हिंदीत आहे. तीनदा वाचली. पहिल्यांदा नुसती, दुसऱ्यांदा अडलेल्या शब्दांखाली पेन्सिलीने रेघा मारून, तिसऱ्यांदा कोश उघडून. शाळा माझी सातवीत सुटली. पुढचं वाचन माझं मीच शिकले ते असंच, त्यामुळे कागद कितीही सरकारी असला तरी मला त्याची भीती वाटत नाही. आज वाटली. घर आणि फाटक यांच्यामधल्या खुल्या जागेत ‘स्थायी संरचना’ उभी केली आहे, तिचा राहण्यासाठी वापर होतो, ती पंधरा दिवसांच्या आत हटवावी, नाहीतर आम्ही हटवू आणि खर्च मालकाकडून घेऊ, असा त्याचा अर्थ. म्हणजे अठरा मार्च.

ती स्थायी संरचना म्हणजे आमची गाडी.

हे पोलोग्राउंडच्या एका कारखान्यात फोरमन होते. रिटायर झाल्यावर शाळेची जुनी ट्रॅव्हलर बस घेतली, स्वतःच्या नावावर खाजगी करून घेतली आणि दोन वर्षं पोर्चमध्ये तिच्यात डोकं घालून बसले. सीटा काढल्या. दोन बाकं केली, ती उघडली की पलंग होतात. शेगडी, हात धुवायला बेसिन, वर पाण्याची टाकी. माझ्या पुस्तकांसाठी एक फळी, तिला पुढून पट्टी, वळणावर पुस्तकं पडायला नकोत म्हणून. घर-गाडी म्हणायचे तिला. पडदे तेवढे राहिले होते. ऑक्टोबरात हे गेले, त्याला आता अडीच वर्षं होतील. गाडीतून आम्ही एकदाच बाहेर पडलो, डिझेलपंपापर्यंत.

तक्रार कुणी केली ते मला माहीत आहे. शेजारचे अच्युतराव. दिवाळीत भिंतीपलीकडून म्हणाले होते, “वहिनी, तुमच्या गाडीने आमच्या हॉलमधलं ऊन अडतं.” हसत म्हणाले होते. बँकेतून रिटायर झालेली माणसं असंच हसून सगळं करतात.

४ मार्च, मंगळवार

अच्युतरावांच्या अंबिकाने भिंतीवरून विचारलं, “सुहास, फाटकावर काय चिकटवलंय गं?”

मी सांगितलं.

“पंधरा दिवस? पंधराच? अगंबाई, मला वाटलं...”

“काय वाटलं?”

“काही नाही. म्हणजे असल्या गोष्टींना महिने लागतात ना एरवी.”

फार घाबरल्यासारखी दिसली. मग पोह्यांचा डबा भिंतीवर ठेवून गेली. आज पोह्यांत डाळिंबाचे दाणे जरा जास्तच होते. बिचारीला वाईट वाटलं असणार. नवऱ्याने काय उद्योग केलाय ते तिला माहीतसुद्धा नसेल, आणि मीही सांगणार नाही. पस्तीस वर्षांची मैत्रीण, तिच्या घरात माझ्यामुळे भांडण कशाला?

मात्र अच्युतराव फाटकाशी “नमस्कार वहिनी” म्हणाले, तेव्हा मी टाकीत पाणी किती चढलंय ते बघत राहिले.

६ मार्च, गुरुवार

झोन ऑफिसात गेले. देवांश नावाचे इन्स्पेक्टर आहेत, तिशीचे असतील. नीट बसवलं, पाणी दिलं. मग मोबाइलवर आमच्या पोर्चचे फोटो दाखवले.

“माताजी, दो में से एक बोलो. ये गाड़ी है कि मकान?”

“घर-गाडी आहे,” मी म्हटलं. मराठीतच निघालं तोंडातून.

“ऐसा कोई कॉलम नहीं है मेरे पास.”

“गाडीच आहे. चार चाकं आहेत.”

“चाक तो हैं.” त्यांनी फोटो मोठा केला. “पर गाड़ी की दहलीज़ होती है क्या?”

तिथे मी अडकले. उंबरठा मीच बसवून घेतला आहे. वर्षश्राद्ध झाल्यावर. गाडीची पायरी उंच आणि माझे गुडघे हे असे, म्हणून गवंड्याकडून विटांच्या दोन पायऱ्या बांधून घेतल्या. बांधताबांधता वाटलं, ह्यांनी हिला घर म्हटलं आणि घराला उंबरठा नाही, हे काही बरं नाही. काळा दगड आणवला. गवंडी शहाणा, उंदीर शिरतील म्हणून दगड आणि गाडीचा पत्रा यांच्यामधली फट त्याने सिमेंटने बुजवून टाकली. मला तेव्हा ते चांगलं काम वाटलं होतं. रोज सकाळी उंबरठ्याला हळदकुंकू वाहते आणि खालच्या पायरीवर चार रेघा रांगोळी काढते. मी स्वतः लावत नाही कुंकू, उंबरठ्याला लावते. त्याला कुणाची हरकत नसावी.

देवांश म्हणाले, गाडी जमिनीला सिमेंटने चिकटली की कागदावर ती गाडी राहत नाही, बांधकाम होते. आणि खुल्या जागेत बांधकाम चालत नाही. हे अगदी बरोबर बोलले. मी त्यांच्या जागी असते तर मीही हेच बोलले असते, याचा मला जास्त राग आला.

तक्रार दाखवा म्हटलं. नावावर हात ठेवून दाखवली. हिंदी सुरेख आहे. “इस गाड़ी में एक महिला दिन-दिन भर अकेली बैठी रहती हैं. गाड़ी बंद डिब्बे जैसी है, गर्मी आ रही है, दम घुट सकता है. रंगोली भी अब वहीं डलती है, घर के दरवाज़े पर नहीं. कृपया शीघ्र देखें.”

येताना ऑटोत विचार करत होते. अच्युतरावांना माझी रांगोळी कुठे असते याच्याशी काय करायचंय? सकाळी योगाला जाताना बघत असतील. माणूस दिसतो तसा नसतो.

८ मार्च, शनिवार

देवांशनी नियमांच्या चोपडीतली पानं झेरॉक्स करून दिली होती. दोन दिवस तीच वाचते आहे. बारीक अक्षर, लांब वाक्यं. एका वाक्याचं क्रियापद शोधायला मला दोनदा चष्मा पुसावा लागला.

पण सापडलं. स्वतःच्या हद्दीत, रस्ता आणि शेजाऱ्याची वाट न अडवता, नोंदणी झालेलं आणि ‘चालू अवस्थेतलं’ खाजगी वाहन उभं करता येतं. किती मोठं असावं ते कुठेही लिहिलेलं नाही. आत शेगडी असू नये असंही नाही. आत बसू नये असंही नाही.

फक्त चालू अवस्थेतलं.

मी खिडकीतून खाली टायरांकडे बघितलं. मागचा डावा टायर पूर्ण बसलाय. त्याच्याखाली फरशीवर काळा डाग पडलाय आणि शेजारून गोकर्णीचा वेल आरशापर्यंत चढलाय. गेल्या वर्षी त्याला फुलं आली तेव्हा मी खूश झाले होते.

१० मार्च, सोमवार

आयुष्यात पहिल्यांदा अर्ज लिहिला. हिंदीत, तीन कच्चे कागद फाडून. वाहन नोंदणीकृत आहे, लेकीने, ऋजुताने, गेल्याच वर्षी माझ्या नावावर करून घेतलं आहे, ते चालू अवस्थेत आहे, तरी नोटीस रद्द करावी. ‘चालू अवस्थेत आहे’ हे खोटं आहे, ते लिहिताना हात अडला. मग ‘अठरा तारखेपर्यंत चालू अवस्थेत असेल’ असं लिहिलं.

देवांशनी वाचलं आणि हसले. “आपने ख़ुद लिखा?”

“हओ. का?”

“लोग तो यहाँ वकील से भी इतना सीधा नहीं लिखवाते.” मग त्यावर शेरा मारला. अठरा तारखेला अकरा वाजता ते स्वतः येणार. उंबरठा आणि पायऱ्या काढलेल्या हव्यात आणि गाडी स्वतःच्या इंजिनावर फाटकाबाहेर जाऊन परत आली पाहिजे. तसं झालं तर फाइल बंद. नाही झालं तर एकोणीस सोडून वीसला क्रेन, कारण एकोणीसला रंगपंचमी आहे आणि त्या दिवशी इंदुरात क्रेन काय, माणूससुद्धा सरळ जात नाही.

११ मार्च, मंगळवार

आशिषला फोन केला. ह्यांच्या हाताखाली शिकला, आता पोलोग्राउंडलाच त्याचं स्वतःचं वर्कशॉप आहे. गाडीचा निम्मा पत्रा त्यानेच वाकवलाय.

“काकू, किती दिवस उभी आहे?”

“अडीच वर्षं.”

“आणि सेल्फ मारला की नाही मधे एकदाही?”

“नाही.”

“बैटरी तो गई समझो. डिझेलचा गाळ झाला असेल. ब्रेक जाम.” मग म्हणाला, “साहेबांची गाडी आहे म्हणून येतो. पण धुळवडीआधी माणसं मिळणार नाहीत. सोळाला येतो.”

सोळा आणि अठरा. दोन दिवस.

संध्याकाळी पुण्याहून ऋजुताचा फोन. “आई, तो उंबरठा काढून टाक आणि गाडी विकून मोकळी हो. किती वेळ बसतेस आत? उन्हाळ्यात पत्रा तापतो.” मी तिला उंबरठ्याबद्दल कधीच सांगितलं नव्हतं. हिला कसं कळलं कोण जाणे. मुलींना कळतं.

मी म्हणाले, विकायचं नाही. ती म्हणाली, का? मी म्हटलं, आत वाचायला उजेड चांगला येतो. खरंच येतो.

१४ मार्च, शुक्रवार

धुळवड. बाहेर पोरं ओरडत होती. मी आत काचा लावून बसले. पुस्तक उघडलं होतं, पण एकच पान. दुपारी दीडच्या पुढे जरा गरगरल्यासारखं झालं, म्हणून घरात येऊन पंख्याखाली पडले. सरबत घेतल्यावर बरं वाटलं. हे कुणाला सांगायची गरज नाही.

१६ मार्च, रविवार

आशिष आला, बरोबर एक माणूस, नवी बॅटरी आणि जॅक. आल्याआल्या गाडीला हात लावून कपाळाला लावला. मग शिव्या द्यायला सुरुवात केली. मला नाही, उंदरांना. त्यांनी वायरी खाल्ल्यात. एवढी फट बुजवून!

दिवसभर काम चाललं. टाकीतलं जुनं डिझेल काढलं, ते चहासारखं दिसत होतं. गोकर्णीचा वेल मी स्वतः कापला, मुळं ठेवली. दुपारी अंबिका कचोऱ्या घेऊन आली आणि चक्क फाटकातून आत येऊन उभी राहिली. एरवी भिंतीपलीकडूनच बोलते. गाडीत तर तिने कधी पाऊल टाकलं नाही, म्हणते मला त्या डब्यात गुदमरतं.

“चालेल का रे ही, आशिष?” तिने इतक्या काकुळतीने विचारलं की मलाच आश्चर्य वाटलं.

“चालायला काय, काकू, आधी सुटायला तर पाहिजे.” त्याने उंबरठ्याकडे बोट केलं. “हे आहे तोवर मी गिअर टाकला तर पत्रा फाटून हातात येईल.”

“मग फोड ना,” अंबिका म्हणाली.

आशिषने हातोडा उचलला. उंबरठ्याजवळ गेला. तिथे माझं सकाळचं कुंकू होतं. त्याने हातोडा खाली ठेवला.

“काकू, इंजिन सांगा, पूर्ण खोलून देतो. पण कुंकू लावलेल्या उंबरठ्यावर घाव मी नाही घालणार. आईने ऐकलं तर घरात घेणार नाही मला.”

त्याचा माणूस म्हणाला, “अपन भी नहीं, भिया.”

उंबरठा ज्या गवंड्याने बसवला त्याला फोन केला. तो म्हणाला, बाई, लावायचा असेल तर आत्ता येतो, तोडायला दुसरा बघा.

१७ मार्च, सोमवार

सकाळी आंघोळ करून उंबरठ्याशी बसले. रोजच्यासारखं कुंकू लावलं नाही. ओल्या फडक्याने जुनं पुसलं. दगडात खोलवर गेलेलं लाल काही निघालं नाही. नमस्कार केला. मग ह्यांच्या हत्यारांच्या पेटीतली छन्नी आणि छोटा हातोडा घेतला.

सिमेंट पहिल्या दहा-बारा घावांत नुसतं पांढरं झालं. आशिष लांब उभा राहून सांगत होता, “तिरपी धरा काकू. साहेब असे धरायचे.” मी तिरपी धरली. तुकडा उडाला.

फट मोकळी व्हायला तास लागला. मग दगडाच्या खाली पहार घातली. तेव्हा मात्र आशिष आला, म्हणाला, आता हा उंबरठा राहिला नाही, नुसता दगड आहे, आता मी धरतो. दोघांनी मिळून उचलला. खाली माझ्याच रांगोळीचे कण साठलेले होते, आणि ह्यांच्या चष्म्याचा एक स्क्रू. तो तिथे कसा गेला देव जाणे. वाळूबरोबर आला असेल.

मग मी रडले. हे गेले त्या दिवशी घरात इतकी माणसं होती की चहा किती जणांना हवा तेच मोजत राहिले होते. आज पोर्चमध्ये बसून मोठ्याने रडले. आशिष टायरकडे तोंड करून बसला आणि एकच नट पुन्हापुन्हा आवळत राहिला.

पायऱ्या त्याच्या माणसाने पाडल्या. पायऱ्यांना त्यांचा आक्षेप नव्हता.

गाडी अजून सुरू झालेली नाही. आशिष म्हणतो, पंपात हवा धरलीय.

१८ मार्च, मंगळवार

सगळं क्रमाने लिहिते, नाहीतर विसरेन.

अकराला देवांश आले. उंबरठ्याच्या जागी झालेला खड्डा पाहिला, फोटो काढला. आशिष सीटवर बसला. किल्ली फिरवली. घर्रर्र. पुन्हा. घर्रर्र. पाचव्यांदा तेही नाही.

देवांशनी घड्याळ बघितलं. “माताजी, मैं बारह बजे तक रुक सकता हूँ.”

आशिष म्हणाला, उतार आहे, ढकलून बघू. आमच्या पोर्चचा उतार रस्त्याकडे आहेच. मी, आशिषचा माणूस, दोघे मागून लागलो. गाडी वीतभर हलली आणि थांबली. तेवढ्यात भिंतीपलीकडून अच्युतराव धावत आले. लेंगा आणि बनियन, तसेच. “वहिनी, बाजूला व्हा, तुमची कंबर जाईल,” म्हणाले आणि खांदा लावला. मागून अंबिका ओरडत होती, “तुमची जाईल ना पण! अहो, स्लिप डिस्क आहे तुम्हाला!”

“आता जाऊ दे!” अच्युतराव म्हणाले आणि ढकललं. देवांशसुद्धा मोबाइल खिशात ठेवून आले. इन्स्पेक्टर ढकलताना मी पहिल्यांदाच पाहिला.

गाडी सुटली. टायरांखालचे काळे डाग मागे राहिले. फाटकाबाहेर पडता पडता इंजिनाने एक आचका दिला, काळा धूर सगळा अच्युतरावांच्या बनियनवर, आणि मग तो आवाज आला. हे रविवारी सकाळी काढायचे तो आवाज.

आशिषने थांबवली नाही. गल्लीतून सरळ गेला आणि वळणावर डावीकडे वळला. गाडी दिसेनाशी झाली.

त्याच वळणावर ह्यांना घेऊन अँब्युलन्स वळली होती. मी फाटकात उभी होते, अशीच, आणि मागून कुणीतरी म्हणत होतं, येतील परत, काही नाही होत. आज कुणीच काही म्हणालं नाही. अंबिकाने माझा दंड धरला. किती वेळ गेला सांगता येत नाही, देवांश म्हणाले चार मिनिटं.

मग दुसऱ्या टोकाने हॉर्न वाजला. गल्लीला चक्कर मारून आशिष परत येत होता, एक हात खिडकीबाहेर काढून, वरात आणल्यासारखा.

परत आली. मी तेवढंच दोनदा मोठ्याने म्हणाले असं अंबिका सांगते.

“गाड़ी है,” देवांश म्हणाले आणि तिथेच बॉनेटवर कागद ठेवून लिहिलं. फाइल बंद. “बस एक बात, माताजी. पंद्रह दिन में एक बार चला लिया करो. नियम नहीं है ये. मेरी तरफ़ से है.”

अच्युतराव ओट्यावर कंबर धरून बसले होते आणि तोंडावर काजळी. मी त्यांना पाणी नेऊन दिलं. तक्रार करायची आणि वर ढकलायलाही यायचं, माणसाला पश्चात्ताप झाला की तो असा दिसतो. मी त्यांना माफ केलं. तोंडाने काही बोलले नाही, उगीच ओशाळतील.

“वहिनी,” ते म्हणाले, “पंधरा दिवस तुम्ही माझ्याशी का बोलत नव्हता, ते काही कळलं नाही बुवा.”

किती साळसूदपणे विचारतात!

२० मार्च, गुरुवार

काल रंगपंचमी. शहर सगळं रंगांच्या मिरवणुकीला राजवाड्याकडे. मी घरात होते. गाडीत चढायला आता पायरी नाही. प्लॅस्टिकचं स्टूल ठेवलंय, ते डुगडुगतं. त्यामुळे एकदाच चढले, पुस्तक घेतलं आणि खाली आणलं. घरातल्या खुर्चीची गादी इतकी कडक असल्याचं विसरले होते. कापूस पिंजून घ्यायला हवा.

३० मार्च, रविवार

पाडवा. गुढी घराच्या दाराशी उभारली. त्या दाराचा उंबरठा धुवायला गेले तर कोपऱ्यात मुंग्यांनी वारूळच केलं होतं. अर्धा तास घासत होते. रांगोळी मोठी काढली, हात बसलेला नाही, एक बाजू फुगली.

अंबिका श्रीखंड घेऊन आली. दारात उभी राहून रांगोळीकडेच बघत राहिली. “किती दिवसांनी!” म्हणाली आणि पदराने डोळे टिपले. हिचं हल्ली असं काहीही होतं.

२ एप्रिल, बुधवार

पंधरा दिवस झाले, म्हणून आशिषला बोलावलं. म्हटलं, गल्लीला चक्कर मार. तो म्हणाला, “काकू, नुसती मिरवायला गाडीची काय वरात आहे? तिकडे हातोद गावाला मला एका माणसाकडे जायचंय. बसा तुम्हीपण.”

मी अंबिकाला भिंतीवरून हाक मारली. वाटलं होतं नाही म्हणेल. ती चपला घालूनच आली. खिडक्या सगळ्या उघड्या ठेवायच्या, ही तिची अट.

शहर संपेपर्यंत मी दोन्ही हातांनी सीट धरून होते. मागे फळीवरची पुस्तकं खडखडत होती. एकही पडलं नाही. ह्यांनी लावलेली पट्टी किती उंच हवी ते कसं काढलं असेल? मला विचारायचं सुचलं नव्हतं कधी.

हातोदच्या अलीकडे आशिषने रस्त्याकडेला निंबाच्या सावलीत गाडी लावली आणि न्यायला आलेल्या मोटरसायकलवाल्याबरोबर कामाला गेला. गहू कापून झालेली शेतं, दूरवर एक ट्रॅक्टर. अंबिकाने पिशवीतून चहाचं सामान काढलं आणि म्हणाली, चहा कर. तेव्हा आठवलं की आत शेगडी आहे. तिच्यावर कधी भांडं चढलेलं नव्हतं. पहिल्या काडीला पेटली.

आम्ही दारात पाय खाली सोडून बसलो. बऱ्याच वेळाने अंबिका म्हणाली, “सुहास, एक विचारू? रागावशील.”

“काय?”

“तुला त्या तक्रारीचा अजून राग आहे?”

“नाही गं. ज्याने केली त्याला मी कधीच माफ केलंय.”

तिने कप खाली ठेवला. “खरंच?”

“त्या दिवशीच. पाणी नेऊन दिलं ना मी.”

ती माझ्याकडे बघत राहिली. मग एकदम हसायला लागली. इतकी, की डोळ्यांतून पाणी, ठसका, मी पाठ थोपटली. “काय झालं?” विचारलं तर म्हणाली, “काही नाही. चहात आलं कमी आहे.”

आलं मी चांगलं दोन बोटं घातलं होतं. पण तिला इतकं हसताना पाहून मलाही हसू आलं, आणि मग दोघींनाही ते थांबवता येईना. आशिष परत आला तेव्हा त्याला वाटलं आमच्यापैकी एक आजारी आहे.

येताना अंबिका म्हणाली, पुढच्या वेळी महेश्वरला जाऊ, एक रात्र राहू. मी म्हटलं, पडदे शिवायचे राहिलेत. ती म्हणाली, मग शीव ना.

११ एप्रिल, शुक्रवार

सकाळी पाणी आलं नाही, टँकर बोलवावा लागला. मग पडद्यांचं कापड आणायला गेले. दुकानदाराने निळं दाखवलं, हिरवं दाखवलं, निळं घेतलं. येताना ऊन फार, सराफ्याच्या तोंडाशी उसाचा रस प्यायले. दुपारी झोप. चारला अंबिकाकडे, तिच्या मशीनवर एक पडदा पुरा झाला, दुसऱ्याला काठ उलटा लागला म्हणून उसवला. अच्युतराव आता काठी न घेता चालतात. त्यांनी आमच्यासाठी चहा केला, चांगला करतात. उन्हाबद्दल विचारलं तर म्हणाले, “वहिनी, आता उन्हाळ्यात तुमची गाडी आडवी आहे तेच बरं. हॉल थंड राहतो.”

घरी आले, दिवा लावला, भाकरी केली. आता ही वही उघडल्यावर लक्षात आलं की आज मी गाडीत गेलेच नाही. जायचं नाही असं ठरवलं नव्हतं. दिवसात ते आलंच नाही.

वाईट वाटेल म्हणून पेन खाली ठेवून थोडा वेळ थांबले. पिठाचा हात धुतला, ओटा पुसला, परत येऊन बसले.

नाही वाटलं.